टाके कोण काढणार

तुमचं पत्र पोचलं.
साहेबांनी ते माझ्याकडेच सरकवलं,
थिएटरची किल्ली माझ्या कमरेला असते म्हणून.
पाच दिवसांत शंभर ऑपरेशनं, असं तुम्ही लिहिलंय,
आणि खाली विचारलंय,
एवढे पेशंट गोळा होतील ना?

पेशंटचं काय घेऊन बसलात.
बाजाराच्या दिवशी नुसतं सांगितलं
तरी धानोऱ्याच्या नाक्यापर्यंत रांग लागेल.
धोतरात अंडवृद्धी सांभाळत नांगरामागं चालणारे,
हर्नियावर फडकं आवळून बांधीत रोवणीला वाकणाऱ्या बाया.
गोळा करणं कधीच अवघड नव्हतं.

विचारायचंच तर असं विचारा:
आठव्या दिवशी टाके कोण काढणार?

तीन वर्षांमागं एक चमू आला होता.
माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू.
पोरांना फुगे दिले, माझ्या हातची अंबाडीची भाजी मागून खाल्ली.
एकशे बारा केल्या. आकडा फळ्यावर लिहून फोटो काढला,
फोटोत मीही आहे, डावीकडे, हसताना.
नवव्या दिवशी रैनू उसेंडीला
उलट्या खाटेवर घालून चौघांनी आणला,
नाला कमरेइतका होता.
जखम दिसायच्या आधी वास आला.
केसपेपरवर 'ओके' आणि एक सही,
ती कुणाची, अजून लागलेली नाही.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते.
त्या दुपारी लाइट गेली तेव्हा
ऑटोक्लेव्हचा काटा अर्ध्यावर होता.
मला दिसला. बाहेर अजून नऊ जण उपाशी बसलेले,
आत कुणीतरी घाईनं हात पुढे केला,
आणि मी ड्रम उघडून दिला.
इंग्रजी वाक्य जुळवलं होतं मी मनात,
घशातच राहिलं.

रैनू वाचला.
पण त्याच्या गावातून पुढं
मोतीबिंदूलाही कुणी आलं नाही.

म्हणून ह्या खेपेला आधीच लिहिते.
मोहाच्या दिवसांत येऊ नका,
पहाटेपासून अख्खं गाव झाडाखाली वेचत असतं.
आणि शंभराचा मोहही नको.
धान घरात आल्यावर या. रोज आठ.
सिकलची तपासणी झाल्याशिवाय
मी कुणालाच टेबलावर चढू देणार नाही;
आमच्याकडे धान कापायचा विळा
काहींच्या रक्तातही असतो.
रक्ताची पिशवी गडचिरोलीहून यायला दोन तास,
ते दोन तास तुमच्या वेळापत्रकात कुठंच दिसले नाहीत.
डिझेलचं मी बघते. भूल देणारा मात्र तुमचाच आणा,
आणि तो झोपलेला असावा आदल्या रात्री.

चैते पुंगाटी सोबत राहील, तिला माडिया येते.
अंगठा कागदावर लगेच उमटतो हो,
काय कापणार आहेत ते मनात उमटायला
एक संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ द्या.
कुणी उठून घरी गेलं तर जाऊ द्या.

आमच्या डॉक्टर नैतामांना शेजारी उभं करू नका,
तुमच्या जागी उभं करा. शेजारी तुम्ही.
ते सावकाश करतील, तुम्हाला राग येईल.
पण पुढच्या पावसात, रस्ता बंद असताना,
एखाद्याची आतडी अडकली की
तेच असतील, आणि मी.

आणि एकानं तरी परतीचं तिकीट
दहा दिवस पुढचं काढा.
माझ्या खोलीत जागा आहे. डास आहेत, मच्छरदाणी देईन.
टाके आपण मिळून काढू.

एवढंच. हो, आणखी एक.
पोट शिवण्याआधी गॉज मी मराठीतून मोजते, मोठ्यानं.
भाषा कळली नाही तरी सुई थांबवून ऐका.
विसापर्यंत यायला हवं.
एकोणीसला मी गप्प झाले
तर तुम्हीही थांबा.
ह्या वेळी मी बोलणार आहे.